बाबांची कंपनी, मेव्हण्याची कंपनी आणि तुझी गाडी

"ताई नमस्कार, सदर नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. आमच्या घरात गेली २२ वर्षं एकाच कंपनीच्या गाड्या आहेत. बाबांच्या दोन झाल्या, माझी एक, ती आता १२ वर्षांची झालीय आणि बदलायला आलीय. बाबा म्हणतात कंपनी बदलायची नाही, आपल्याला तिने कधी दगा दिलेला नाही. मेव्हणा म्हणतो त्या कंपनीत आता काही राम राहिला नाही, आणि दुसऱ्या एका कंपनीचं नाव घेऊन तो माझ्या मागे लागलाय. ऑफिसातला मित्र म्हणतो ती नवीन इलेक्ट्रिकवाली कंपनी आलीय तीच घे. बायकोचं म्हणणं एवढंच की सेफ पाहिजे आणि रस्त्यात बंद पडायला नको. रोजचे चाळीसेक किलोमीटर होतात, वर्षातून दोनचार वेळा लांबचा प्रवास. तुम्ही एकच ब्रँड सांगा आणि तोच का घ्यायचा ते सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल. — तीन सल्ल्यांत अडकलेला"

अरे अडकलेल्या, गाडीच्या कंपनीवरून घरात लागलेला वाद बाहेरच्या कुणी येऊन मिटवलाय असं मी तरी आजवर बघितलेलं नाही, त्यामुळे ती आशा सोड. तू तिन्ही कंपन्यांची नावं लिहिली होतीस ती मी मुद्दाम गाळलीत, कारण नाव दिसलं की अर्धे लोक पुढचं वाचतच नाहीत, डायरेक्ट भांडायला येतात. आणि एक नाव मी शेवटी देणार आहे, तू मागितलंयस म्हणून, पण आधी थोडं ऐकून घे.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर बायकोचं वाक्य. बाकी तिघं कंपनीबद्दल बोलतायत, ती एकटी गाडीबद्दल बोलतेय. यातच सगळं आलं खरं तर.

आधी मेव्हण्याचं बघू. तो ज्या खात्रीने बोलतोय ना, तशाच खात्रीने लोक अमेरिकेत ह्युंदाईबद्दल बोलायचे. १९८६ मध्ये ती कंपनी तिकडे गेली, स्वस्त गाड्या विकल्या, आणि मग त्या गाड्या इतक्या कुरकुरायला लागल्या की लोक जोक करायचे. १९९८ मध्ये कंपनीने सरळ सांगून टाकलं की इंजिन आणि गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैल वॉरंटी, म्हणजे जवळजवळ १ लाख ६० हजार किलोमीटर. आता विचार कर, खराब गाडी बनवून एवढी वॉरंटी दिली तर कंपनी स्वतःच बुडणार, म्हणजे गाडी सुधारण्याशिवाय तिला गत्यंतर राहिलं नाही आणि ती सुधारली. पण लोकांच्या डोक्यातलं मत बदलायला पुढे कितीतरी वर्षं गेली. उलटंही होतं, चांगलं नाव असलेली कंपनी ढिली पडते आणि लोक जुन्या पुण्याईवर तिच्या गाड्या घेत राहतात. रस्त्यावर दहा-बारा वर्षं चाललेली गाडी बघून आपण मत बनवतो आणि घेतो मात्र आज बनलेली गाडी, बाबांचं आणि मेव्हण्याचं दोघांचंही इथेच चुकतंय.

दुसरी गंमत म्हणजे बोनेटवरचा लोगो. १९८४ पासून अमेरिकेत फ्रीमाँट नावाच्या गावात टोयोटा आणि जनरल मोटर्स यांचा मिळून एक कारखाना होता, तिथे एकाच लाइनवर दोन गाड्या निघायच्या, एकीवर टोयोटा कोरोला लिहायचे आणि दुसरीवर जिओ प्रिझम. आतून जवळपास तीच गाडी, तेच इंजिन, तेच कामगार. आणि जुन्या बाजारात कोरोलाला जास्त पैसे, प्रिझमला कमी. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी खुशाल जुन्या प्रिझम घेतल्या आणि कोरोलाचं सुख भोगलं. (तो कारखाना २०१० मध्ये बंद पडला आणि टेस्लाने घेतला, आज तिथे टेस्ला बनतात, पण ते जाऊ दे.) अलीकडचं उदाहरण पाहिजे तर २०१९ ला आलेली टोयोटा सुप्रा, तिचं इंजिन बीएमडब्ल्यूचं, आणि ती बनवली ऑस्ट्रियात बीएमडब्ल्यूच्या झेड-४ सोबत. फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा, सीट ही सगळी एकाच घरातली भावंडं. स्टेलांटिस म्हणून जो ग्रुप २०२१ मध्ये झाला त्याच्या पोटात १४ ब्रँड आहेत. झेडएफ नावाची जर्मन कंपनी गिअरबॉक्स बनवते, तिचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यूमध्ये पण असतो आणि लँड रोव्हरमध्ये पण. म्हणजे जिच्याशी आपण एकनिष्ठ आहोत असं आपल्याला वाटतं ती नक्की कोण, हेच कधी कधी धड कळत नाही.

मग ब्रँडला काही अर्थच नाही का? आहे की. भरपूर आहे, पण शोरूमवाले सांगतात तिथे नाही.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या नावाच्या कंपनीची गाडी घेतली होती, कंपनीचं नाव सांगत नाही. गाडी झकास होती, चालवायला तर अशी की उतरावंसं वाटू नये. सहाव्या महिन्यात पार्किंगमध्ये कुणीतरी मागे घेताना माझा पुढचा हेडलाइट फोडला. एक हेडलाइट, बस्स. तो यायला सात आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात म्हणाले चार दिवसांत येतो, मग म्हणाले बाहेरून मागवलाय, मग फोनच उचलेनात, आणि त्या दिवसांत मी दुसऱ्याच्या गाडीत बसून ऑफिसला गेले आणि घराखाली माझी एका डोळ्याची गाडी उभी. इंजिन किती भारी, सीट किती मऊ, सनरूफ किती मोठं, त्या सात आठवड्यांत यातलं काही कामाला आलं नाही. तेव्हा मला कळलं की ब्रँड घेणं म्हणजे त्या कंपनीचं गोडाऊन, तिचा सर्व्हिस सेंटरमधला माणूस आणि तिचा फोन उचलण्याचा स्वभाव घेणं असतं, गाडी तर काय, त्याच पैशात तीनचार चांगल्या मिळतातच.

म्हणून तू शोरूममध्ये जायच्या आधी पार्ट्सच्या काउंटरवर जा. खरंच जा. तिन्ही कंपन्यांच्या जा. तुला जे मॉडेल हवंय त्याचा हेडलाइट, साइडचा आरसा आणि पुढची काच, तिघांची किंमत विचार आणि आज ऑर्डर दिली तर कधी येईल ते विचार. काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून सांगतो की विचार करून सांगतो, तेवढ्यावरूनही बरंच कळतं. मग तिथेच सर्व्हिसला गाडी घेऊन आलेल्या दोन-तीन लोकांशी बोल. वैतागलेला माणूस खरं बोलतो. आणि हो, बाहेरच्या गॅरेजवाल्याला पण विचार, फक्त "कुठल्या कंपनीच्या गाड्या जास्त येतात" असं नको विचारूस, कारण ज्या जास्त विकल्या जातात त्या जास्त येणारच, त्यात काय. विचार की ही गाडी आली तर कशासाठी येते आणि किती किलोमीटरला येते. एक लाखानंतर सस्पेन्शनच्या बुशसाठी, म्हणजे धक्के झेलणाऱ्या रबरी तुकड्यांसाठी, येत असेल तर ती गाडी चांगली. तीस हजारात गिअरबॉक्ससाठी येत असेल तर पळ तिथून.

आता बायकोच्या सेफ्टीचं. इथे तर ब्रँड बघून अजिबात चालायचं नाही. उदाहरणच द्यायचं तर फियाट पुंटो. २००५ मध्ये युरोपातल्या क्रॅश टेस्टमध्ये, युरो एनकॅप म्हणतात तिला, पूर्ण पाच स्टार. तीच पिढी कंपनी विकत राहिली, फारसं काही न बदलता, आणि २०१७ मध्ये पुन्हा टेस्ट केली तर शून्य. मोठा गोल शून्य. रेनोच्या इलेक्ट्रिक झोईचंही तसंच, २०१३ मध्ये पाच आणि २०२१ मध्ये शून्य. झोईच्या नव्या रूपात तर कंपनीने सीटमधला साइड एअरबॅग डोकं आणि छाती दोन्ही सांभाळणारा होता तो काढून फक्त छातीचा बसवला होता! तेव्हा स्टार बघताना शेजारी वर्ष बघायचं, आणि तुला जे व्हेरिएंट परवडतं त्यात टेस्टवाल्या गाडीएवढ्याच एअरबॅग आहेत का तेही बघायचं, ब्रोशरवर स्टार मोठे छापतात आणि बाकीचं बारीक.

तरीपण सेफ्टीत ब्रँडचा स्वभाव दिसतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. व्होल्वोने १९५९ मध्ये तीन टोकांचा सीट बेल्ट गाडीत बसवला, निल्स बोलिन नावाच्या त्यांच्या इंजिनिअरचं काम ते, आणि त्याचं पेटंट कंपनीने बाकीच्यांना मोकळं करून दिलं. आज तू कुठल्याही गाडीत बसून जो बेल्ट ओढतोस तो तोच. १९७० पासून त्यांची एक टीम खऱ्या अपघाताच्या जागी जाऊन गाडीचं काय झालं, माणसाचं काय झालं ते लिहून ठेवतेय. मधे कंपनी १९९९ मध्ये फोर्डकडे गेली, २०१० मध्ये चीनच्या गीलीकडे गेली, मालक बदलले, पण हे काम सुटलं नाही. याला मी ब्रँड म्हणते.

मर्सिडीजचा किस्सा तर मला फारच आवडतो. १९९७ मध्ये त्यांनी पहिल्यांदा छोटी गाडी काढली, ए-क्लास, आणि एका स्वीडिश मासिकाच्या लोकांनी ती अचानक वळवून बघितली, म्हणजे रस्त्यात हरीण आलं तर गाडी कशी हुकवायची तशी टेस्ट, आणि गाडी सरळ आडवी! मर्सिडीज आडवी पडली म्हटल्यावर काय बोभाटा झाला असेल. कंपनीने आधी आढेवेढे घेतलेच, पण मग विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी सिस्टिम, ती सगळ्या ए-क्लासमध्ये बसवून दिली. तोपर्यंत ती महागड्या गाड्यांचीच चैन होती. चूक झाली, नाक कापलं गेलं, आणि त्यातून छोट्या गाडीवाल्यांचा फायदा झाला.

याच्या उलट २०१५ मध्ये फोक्सवॅगन. डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर घातलं होतं की टेस्ट चालू आहे हे गाडीला कळायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी व्हायचा, जगभर जवळपास १ कोटी १० लाख गाड्या. गाडी चालवायला वाईट होती का, तर नाही. पण जी कंपनी मशीनलाच खोटं बोलायला शिकवते ती तुझ्या वॉरंटीच्या क्लेमवर काय बोलेल असं माझ्या मनात येतंच, मग भले आता सगळं सुधारलेलं असो. तुला हे टोकाचं वाटेल. वाटू दे.

मात्र एक गैरसमज काढून टाक, रिकॉल आला, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या, तर ती कंपनी वाईट असं काही नसतं. ताकाता नावाच्या एअरबॅगवाल्या कंपनीचा माल उष्णतेने आणि दमट हवेने आतून खराब होत होता, आणि एअरबॅग उघडताना लोखंडाचे तुकडे उडून माणसं मेली. नुसत्या अमेरिकेत साडेसहा कोटींच्या वर एअरबॅग बदलायला लागल्या, आणि त्यात स्वस्तातल्या गाड्यांपासून फेरारीपर्यंत कुणी सुटलं नव्हतं. २०१७ मध्ये ताकाताचं दिवाळं निघालं. अशा वेळी बघायचं ते हे की कंपनी तुला शोधत येते की तू तिच्या मागे धावतोस. तुझ्या आताच्या गाडीचा चॅसिस नंबर, १७ आकडी-अक्षरी असतो तो, कंपनीच्या साइटवर टाकून बघ काही रिकॉल राहिलाय का. १२ वर्षांत तुला एकदा तरी कळवलं होतं का, तेही आठव. बाबांच्या कंपनीची याहून चांगली परीक्षा दुसरी नाही.

ऑफिसातल्या मित्राचं. इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही, रोजचे चाळीस किलोमीटर आणि घरी रात्री चार्जिंगची सोय असेल तर उलट छानच बसते, पण ती सोय आहे का हे तू लिहिलंच नाहीस. माझी अडचण "नवीन कंपनी" या शब्दाशी आहे. फिस्कर नावाच्या कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, गाडी दिसायला देखणी होती, आणि ज्यांनी घेतली होती ते सॉफ्टवेअर कोण अपडेट करणार आणि पार्ट कुठून आणणार म्हणून आपापसात संघटना काढून बसले. आजच्या गाडीत सॉफ्टवेअर म्हणजे अर्धी गाडी आहे, कंपनी गेली की नुसतं पत्र्याचं दुःख राहत नाही. साब ही स्वीडनची गाड्यांची कंपनी बंद पडली २०११ मध्ये, तिच्या मालकांचं नशीब एवढंच की पार्ट्सची कंपनी वेगळी होती ती चालू राहिली. तर मित्राला सांग की तुझी कंपनी अजून आठ वर्षं राहील याची मला खात्री दे. आठ का, तर बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, आणि वॉरंटी देणारा पळाला तर त्या कागदाचं करायचं काय? शिवाय बॅटरी थंड ठेवायची काय व्यवस्था आहे ते विचार. निसान लीफ २०१० मध्ये आली तेव्हा तिच्या बॅटरीला नुसता हवेचा आधार होता, कडक उन्हाच्या भागात काहींच्या बॅटऱ्या दोनतीन वर्षांतच उतरायला लागल्या. नाव जुनं आणि भरवशाचं होतं, पण तेवढ्याने भागलं नाही.

बरं, आता नाव. तू हट्टच धरलायस म्हणून सांगते, रस्त्यात बंद पडायला नको हीच पहिली अट असेल तर मी स्वतः टोयोटाच्या हायब्रिडपासून, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीपासून, बघायला सुरुवात करीन. १९९७ मध्ये त्यांची प्रियस नावाची हायब्रिड पहिल्यांदा आली तेव्हापासून ते एकाच कल्पनेवर घासूनपुसून काम करतायत, इंजिन आणि दोन मोटरी एका गिअरच्या सेटला जोडलेल्या, क्लच नाही, नेहमीचा स्टार्टर नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नाही, म्हणजे ज्या वस्तू नेहमीच्या गाडीत झिजून दगा देतात त्या मुळात नाहीतच. ट्रॅफिकमध्ये मोटरच गाडी हळू करते त्यामुळे ब्रेकपण जास्त टिकतात. एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी मात्र हिच्यातही असते, ती उतरली की एवढी हुशार गाडी ढिम्म उभी राहते, ते लक्षात ठेव. आणि ही कंपनी काय देव नाही, २००९-१० मध्ये मॅट आणि अॅक्सिलरेटर पेडलवरून त्यांना लाखोंनी गाड्या परत बोलवायला लागल्या, आणि २०२३ मध्ये त्यांच्याच मालकीच्या दाइहात्सुने सेफ्टी टेस्टमध्ये गडबड केल्याचं उघड झालं. पण त्यांचं सर्व्हिस सेंटर तुझ्या घरापासून दोन तास लांब असेल तर हे मी वर लिहिलेलं सगळं खोड, आणि जी कंपनी अर्ध्या तासावर आहे तिची घे.

बाबांचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस पण तोच खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. बाबांची २२ वर्षं फुकट नाहीत. ते ज्याला कंपनी म्हणतायत ना, तो बहुतेक एक मेकॅनिक किंवा एक सर्व्हिस ॲडव्हायझर असणार, जो त्यांना नावाने ओळखतो आणि नको तो पार्ट बदलत नाही. तो अजून तिथे आहे का ते विचार. असला तर जुन्या कंपनीला माझ्याकडून शंभरातले तीस मार्क आधीच. तो सोडून गेला असेल किंवा डीलर बदलला असेल तर बाबांना ते शांतपणे सांग, आणि टेस्ट ड्राइव्हला त्यांनाच न्यायचं, दाखवायला म्हणून नाही, मागच्या सीटवर अर्धा तास बसवायचं, कारण लांबच्या प्रवासात ते तिथेच बसणार आहेत. गुडघे कुठे टेकतात, चढता-उतरता त्रास होतो का, ते ब्रोशरमध्ये नसतं. बायकोला चालवायला दे. तू फक्त शेजारी बसून गप्प राहा, जमलं तर.

आणि कुठलीही कंपनी ठरवलीस तरी नुकतंच बाजारात आलेलं एकदम नवीन मॉडेल पहिल्या वर्षात नको घेऊस, पहिल्या गिऱ्हाइकांकडून कंपनी फुकटात टेस्टिंग करून घेते. वर्ष-दीड वर्ष थांब, तुझी जुनी तेवढी ओढेल.

बाकी मेव्हण्याला एक विचारून मला कळव, त्याची स्वतःची गाडी कुठल्या कंपनीची आहे? एवढं लांबलचक पत्र लिहिलंस, त्यात तेवढंच राहिलंय.